सील आधी पारखा, मग बसवा

विहिरीवरचा पंप ज्याने चालवला आहे, त्या सभासदाला ग्लँड म्हणजे काय हे सांगायला नको. पंपाचा शाफ्ट जिथे बाहेर येतो तिथे दोरी भरलेली असते. दोरी सैल राहिली की पाण्याची धार लागते. फार आवळली की शाफ्ट तापतो, दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. म्हणून जाणता माणूस नट बेताने आवळतो आणि थेंब थेंब पाणी पडू देतो. फिरत्या शाफ्टभोवती आतले आत आणि बाहेरचे बाहेर ठेवावयाचे, एवढेच सीलचे काम. घरच्या पंपाची दोरी बदलायला अर्धा तास पुरतो. कारखान्याच्या टर्बाईनवर तीच चूक झाली तर सगळ्या यार्डाला भोगावी लागते.

गेल्या हंगामात आपण ती भोगली. जानेवारीत, गाळप ऐन भरात असताना, दोन नंबर मिलच्या टर्बाईनचे बेअरिंग गेले आणि कारखाना चौदा तास बंद पडला. उघडून पाहिले तेव्हा कारण सापडले. ग्लँडमधून सुटलेली वाफ बेअरिंगच्या घरात शिरत होती. तिचे पाणी होऊन ते तेलात मिसळत होते. तेल ताकासारखे पांढरे झाले होते. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर शाफ्टचा भार पेलत नाही. अखेर बेअरिंगचा मऊ धातू घासला गेला.

आपला कारखाना दिवसाला २५०० टन ऊस गाळतो. त्या हिशेबाने चौदा तासांत साडेचौदाशे टनांच्या आसपास ऊस उभा राहिला. दहा टनांची ट्रॉली धरली तर या झाल्या जवळजवळ १४५ ट्रॉल्या. तोडलेला ऊस थांबला की वाळतो आणि वजन घटते. त्यातली साखर मोडू लागते आणि उतारा घसरतो. वजनाचा मार ज्याचा ऊस त्याला, उताऱ्याचा मार सगळ्यांना. बैलगाडीवाल्यांनी आणि त्यांच्या बायकापोरांनी थंडीतली ती रात्र यार्डात काढली, त्याचा तर कुठे हिशेबच नाही.

आता एक गोष्ट आम्ही कबूल केली पाहिजे. त्या टर्बाईनच्या ग्लँडमधल्या कार्बन रिंगा आदल्या ओव्हरहॉलिंगच्या वेळी नव्या पुरवठादाराकडून घेतल्या होत्या. त्या स्वस्तात पडल्या म्हणून याच पत्रिकेत आम्ही काटकसरीचे कौतुक छापले होते. रिंगा बसवण्यापूर्वी कोणी तपासल्या काय, हे आम्ही विचारले नाही. चूक एकट्या पुरवठादाराची नाही. न पारखता घेणाऱ्याची आहे, आणि न विचारता कौतुक करणाऱ्या आमचीही आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे सर्व टर्बाईनना व पंपांना आधुनिक पद्धतीची सील बसवण्याचा विषय येत आहे. सभासदांत आत्ताच दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, जुने चालले आहे ना, मग खर्च कशाला? दुसरा म्हणतो, एकदाचे सगळे बदलून टाका म्हणजे कटकट मिटेल. आमचे मत दोघांहून वेगळे आहे. आधी चाचणी, मग खरेदी. आणि चाचणीचा खर्च सभेने वेगळा मंजूर करावा.

गळणाऱ्या वाफेचे मोल

टर्बाईनच्या टोकाशी थोडी वाफ फुसफुसली तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. आपण हिशेब करून पाहू. समजा, एका ग्लँडमधून तासाला १०० किलो वाफ वाया जाते. हंगाम १५० दिवसांचा धरला तर ३६०० तास झाले. म्हणजे ३६० टन वाफ गेली. एक टन बगॅस जाळली की साधारण सव्वादोन टन वाफ मिळते. तेव्हा ही वाफ करण्यासाठी १६० टन बगॅस जळाली. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस निघते. याचा अर्थ असा की, साडेपाचशे टन उसाची चिपाडे आपण एका ग्लँडमधून हवेत सोडली. हा धरून चाललेला आकडा आहे. खरा आकडा मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि आमचे म्हणणे तेच आहे की मोजा.

साखर कारखान्यात वाफ दोनदा राबते. आधी ती टर्बाईन फिरवते आणि मग बाहेर पडलेली वाफ रस आटवायला जाते. ग्लँडमधून निसटलेली वाफ या दोन्ही कामांना मुकते. शिवाय बॉयलरचे पाणी शुद्ध करायला पैसे पडतात, तेही त्या वाफेबरोबर जातात. उरलेली बगॅस विकता येते किंवा तिची वीज करता येते. तेव्हा ग्लँडमधली फुसफुस ही टनामागे मिळणाऱ्या भावातली फुसफुस आहे, हे सभासदाने ध्यानात घ्यावे.

नवी सील म्हणजे काय

आपल्या मिलच्या टर्बाईनना कार्बनच्या रिंगा आहेत. एकेक रिंग तुकड्यांची असते आणि स्प्रिंगच्या कड्याने शाफ्टभोवती धरलेली असते. इथे एक गंमत आहे बरं का. तापल्यावर पोलादी शाफ्ट जितका फुगतो तितका कार्बन फुगत नाही. त्यामुळे थंड असताना ठेवलेली फट वाफ आत आल्यावर कमी होते. थंडपणी ती बेताची वाटली तर चालताना रिंग शाफ्टला धरते आणि फुटते. जास्त ठेवली तर वाफ सुटते. म्हणून फिलर गेज लावून थंड फट मोजली की चाचणी झाली, असे म्हणता येत नाही.

मोठ्या टर्बाईनवर दातेरी सील असते. शाफ्टभोवती एकामागे एक अरुंद दाते असतात. वाफेला प्रत्येक दात्याशी अडखळत जावे लागते आणि दर टप्प्याला तिचा दाब उतरतो. चक्रव्यूहच म्हणा ना. हे सील शाफ्टला टेकत नाही, म्हणून टिकते. पण शाफ्ट एकदा हादरला आणि दाते घासले, की वाढलेली फट पुन्हा भरून येत नाही. वीजनिर्मितीच्या कंडेन्सिंग टर्बाईनला तर दोन टोकांना दोन उलटी कामे असतात. एका टोकाला वाफ बाहेर येऊ द्यायची नाही आणि दुसऱ्या टोकाला, जिथे आत निर्वात असते तिथे, बाहेरची हवा आत जाऊ द्यायची नाही.

नव्या प्रकारांत ब्रश सीलचे नाव घेतले जाते. केसासारख्या बारीक धातूच्या तारा दाट बसवून, शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेने कलत्या ठेवलेल्या असतात. शाफ्ट थोडा हलला तर तारा वाकतात आणि परत जागेवर येतात. म्हणून दातेरी सीलपेक्षा गळती पुष्कळ कमी होते. मात्र तारा कलत्या असल्याने शाफ्ट उलटा फिरवला तर त्या मोडतात. ओव्हरहॉलिंगमध्ये शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. ब्रश सील बसवले तर आधी ही सवय सोडावी लागेल. माहितीपत्रकातल्या चित्रावरून ही गोष्ट कळत नाही.

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे नासाचे संशोधन केंद्र आहे. तिथे टर्बाईनची सील तपासण्याचे खास यंत्र आहे. जुने दातेरी सील आणि नव्या धर्तीची सील तिथे गरम हवेवर, भरवेगात फिरवून तपासली गेली व त्याची तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी नुसती गळती मोजली नाही. सील फिरवताना किती शक्ती खर्ची पडते, तेही मोजले. कारण घट्ट बसणारे सील गळती थांबवते, पण घासून उष्णताही करते. विहिरीवरची दोरी आवळणाऱ्या आपल्या माणसाला जे ठाऊक आहे, तेच त्यांनी आकड्यांत मांडले. आपण आधुनिक म्हणून जी वस्तू विकत घेणार, ती बनवणारे लोकसुद्धा तिला पारखल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग आपणच डोळे मिटून का घ्यावी?

प्रमाणपत्र त्यांचे, रस आपला

कोणी म्हणेल, कंपनीचे प्रमाणपत्र असतेच की. असते, आणि त्याचे मोलही आहे. पंपांच्या मेकॅनिकल सीलसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९९४ साली ६८२ क्रमांकाचे मानक काढले. सीलने २५,००० तास, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, न थांबता काम द्यावे, ही त्यामागची अपेक्षा. त्यासाठी सील १०० तास सलग फिरवतात, मग निदान चार तास थांबवून दाबाखाली ठेवतात आणि त्यानंतर दाब व तापमान बदलत पुन्हा पुन्हा चालू-बंद करतात. चाचणी कडक आहे. पण ती कशावर होते? पाणी, प्रोपेन, कॉस्टिक सोड्याचे द्रावण, खनिज तेल, अशा द्रवांवर. तेलशुद्धीच्या कारखान्यांना याच वस्तू लागतात, आणि मानक त्यांच्यासाठीच आहे.

आपल्या पंपांतून जातो रस आणि पाक. रसात चिपाडाचा बारीक भुसा असतो, शेतातली मातीही असते. पाकाची तर निराळीच खोड. मेकॅनिकल सीलमध्ये आरशासारख्या सपाट दोन चकत्या एकमेकींवर फिरतात आणि त्यांच्यामध्ये द्रवाचा पातळसा थर असतो. पंप चालू आहे तोवर ठीक. पंप थांबला की पाक तिथेच सुकतो, साखर धरते आणि चकत्या चिकटतात. पुन्हा सुरू करताना त्या ओरबाडल्या जातात. तिथे गरम पाण्याने धुण्याची सोय नसेल तर उत्तमातले उत्तम सीलही फार काळ तग धरणार नाही. प्रमाणपत्र खोटे नसते, पण ते आपल्या रसावर मिळवलेले नसते.

ज्या परिस्थितीत वस्तू चालवायची, त्या परिस्थितीत ती पारखली नाही तर काय होते, याचा एक दाखला सगळ्या जगाने पाहिला आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सात अंतराळवीर गेले. तिथले सील फिरत्या शाफ्टचे नव्हते, रॉकेटच्या सांध्यातली ती रबरी कडी होती. पण धडा तोच आहे. त्या सकाळी तापमान २ अंशांच्या आसपास होते. त्यापूर्वीच्या उड्डाणांत सांध्याचे तापमान १२ अंशांच्या खाली गेले नव्हते. अशा थंडीत रबर कडक होते, आमच्याकडे इतक्या थंडीचा अनुभव नाही, असे अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. एवढ्या मोठ्या संस्थेला जे महागात पडले, ते आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या कारखान्याला कसे परवडावे?

चाचणी कशी व्हावी

आम्ही काही यंत्रशास्त्राचे पंडित नाही. पण मुख्य अभियंत्यांशी आणि जुन्या फिटरमंडळींशी बोलून पाच पायऱ्या मांडत आहोत. सभेत त्यांवर चर्चा व्हावी.

१. माल आल्यावर तो कोठीत जाण्याआधी मापे घ्यावीत आणि ती मूळ यंत्रनिर्मात्याने दिलेल्या मापांशी ताडून पाहावीत. शाफ्टचेही माप घ्यावे. शाफ्टला खाचा असतील तर नवे सील बसवून उपयोग नाही.

२. पंपाच्या सीलला बसवण्यापूर्वी हवेचा दाब द्यावा, झडप बंद करावी आणि दाबमापकाचा काटा ठरावीक वेळात किती उतरतो ते लिहून ठेवावे. या कामाला फार वेळ लागत नाही, खर्चही थोडा.

३. टर्बाईनचे सील निर्मात्याच्या टेस्ट बेंचवर आपल्या दाबाला, आपल्या तापमानाला आणि आपल्या वेगाला फिरवून दाखवण्याची अट खरेदीच्या करारातच घालावी. चालू-बंद वारंवार करून पाहावे, कारण सील बहुधा सुरू होताना आणि थांबताना खराब होते. त्या वेळी आपला अभियंता तिथे हजर असावा.

४. त्यानंतर एकाच टर्बाईनवर आणि एकाच पाकपंपावर पूर्ण हंगाम चालवून पाहावे. शेजारचे यंत्र जुन्याच सीलवर ठेवावे, म्हणजे तुलना करता येईल. ग्लँडची सुटलेली वाफ नळीने थंड पाण्याच्या पिंपात सोडली आणि दहा मिनिटांत पिंपाचे वजन किती वाढले ते पाहिले, की तासाची गळती कळते. हे काम कारखान्याच्या माणसांनीच काळजीपूर्वक करावे, वाफेशी खेळ नको. दर आठवड्याला ही गळती, तेलातले पाणी, बेअरिंगचे तापमान आणि शाफ्टची थरथर नोंदवहीत उतरवावी.

५. हंगाम संपल्यावर दोन्ही यंत्रे उघडून झीज मोजावी आणि सगळे आकडे या पत्रिकेत छापावेत. चांगले निघाले तरी छापावेत, वाईट निघाले तरी छापावेत.

काही आक्षेप

चालू हंगामात प्रयोग कशाला, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. म्हणूनच आम्ही एकाच यंत्राचे म्हणतो. जिथे जोडीला दुसरा पंप तयार उभा आहे, तिथेच पंपाची चाचणी घ्यावी. टर्बाईनसाठी तपासलेल्या जुन्या पद्धतीच्या रिंगांचा संच कोठीत हाताशी ठेवावा. उलट विचार करा. न पारखता सगळीकडे बसवली तर तोही प्रयोगच झाला, फक्त सगळ्या कारखान्यावर एकदम, आणि नोंदवहीशिवाय!

दुसरा आक्षेप वेळेचा. एक हंगाम वाट पाहण्यात नुकसान नाही काय? थोडे आहे, ते आम्ही मान्य करतो. जुन्या ग्लँडमधून आणखी काही महिने वाफ जाईल. पण उसाची नवी जात आली म्हणून आपण सगळे रान एका वर्षात तिच्याखाली घालतो का? आधी चार सरी लावतो, फुटवा पाहतो, रोग पाहतो, काट्यावर वजन पाहतो. मग बेणे वाढवतो. शेतात जे शहाणपण आपण दाखवतो, ते कारखान्याच्या फाटकाशी का सोडून यावे?

तिसरा आक्षेप असा की, ही इंजिनिअर लोकांची कामे, सभासदाने त्यात कशाला पडावे? आम्हाला हे पटत नाही. प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल उभे केले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. शेतकऱ्याचा विश्वास आणि चोख हिशेब, या दोन पायांवर ही चळवळ उभी राहिली. नट किती आवळायचा हे फिटरने ठरवावे. पण नोंद दाखवा म्हणण्याचा हक्क भागधारकाचा आहे. आणि आमच्या कामगारांनाही त्याचा आधारच होईल. तेलात पाणी दिसते आहे, हे त्या पाळीच्या तेलवाल्याने अपघाताआधी तोंडी सांगितले होते. पण ते लिहिण्यासाठी वही नव्हती, म्हणून ते वरपर्यंत पोहोचले नाही.

शेवटची सूचना. एकट्या कारखान्याला स्वतःचा टेस्ट बेंच परवडणार नाही. पण जिल्ह्यातले चार-पाच कारखाने एकत्र आले तर? एकच टर्बाईन फिटर संघ, एकच टेस्ट बेंच, बिगरहंगामात आळीपाळीने वापर. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनीच उभी केली. उसाच्या बेण्यासाठी आणि मातीसाठी आपण एकत्र आलो. यंत्राच्या पारखीसाठीही एकत्र येता येईल. तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन संचालक मंडळाने शेजारच्या कारखान्यांना पत्रे घालावीत, अशी आमची विनंती आहे.

दसरा तोंडावर आला आहे. लवकरच बॉयलर पेटेल, गव्हाणीत मोळी पडेल आणि फोटो निघतील. ते निघावेत, आनंदाचाच प्रसंग आहे. पण त्याआधी सभेत सीलचा विषय येईल तेव्हा सभासदांनी हात वर करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. तपासले काय? कशावर तपासले? नोंद कुठे आहे? या तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले तर खुशाल मंजुरी द्यावी. आणि नाही मिळाले तर आम्ही मागच्या वेळी जे केले ते तुम्ही करू नका. स्वस्त पडले म्हणून टाळ्या वाजवू नका.